शब्द थोडे, गोष्ट मोठी : डच चित्रपुस्तके वाडीवरच्या शाळेला काय शिकवतात?

भोर आणि वेल्हे (राजगड) तालुक्यांतील डोंगरी वाड्यांवर जिल्हा परिषदेच्या कमी पटाच्या शाळा आहेत. तिथे वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकाच खोलीत बसतात. एकाला अजून अक्षरे ओळखता येत नाहीत, तर दुसरा धडा घडाघडा वाचतो. या दोघांना एकत्र वाचता येईल असे पुस्तक कोणते? नेदरलँड्सच्या चित्रकारांनी याचे उत्तर दिले आहे.

चित्रपुस्तक म्हणजे काय?
नेहमीच्या पुस्तकात चित्र मजकुराची शोभा वाढवते. चित्रपुस्तकात मात्र अर्धी गोष्ट चित्रच सांगते. त्यामुळे वाचता न येणारे मूलही गोष्टीत मागे पडत नाही.

तीन डच चित्रकार

• डिक ब्रुना (१९२७-२०१७) : १९५५ मध्ये त्यांनी ‘नाइंत्ये’ ही ससुली रेखाटली. जग तिला ‘मिफी’ म्हणून ओळखते. जाड काळी रेघ, मोजके रंग आणि चित्रासोबत चार ओळी. डोळ्याखाली अश्रूचा एक थेंब आला, की तिचे दुःख मुलांना कळते.

• माक्स फेल्थॉइस (१९२३-२००५) : यांचा नायक साधा बेडूक. एका पुस्तकात त्याला व त्याच्या मित्रांना मेलेला पक्षी सापडतो. दुसऱ्यात परका उंदीर राहायला येतो. मृत्यू आणि परकेपणा हे विषय ते न घाबरवता मांडतात. २००४ मध्ये त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

• फीप वेस्टेनडॉर्प (१९१६-२००४) : अ‍ॅनी एम. जी. श्मिट यांच्या यिप आणि यानेके या शेजारच्या मुलांना त्यांनी काळ्या छायाकृतींचे रूप दिले. या गोष्टी १९५२ पासून ‘हेत पारोल’ या दैनिकात येत. आजही डच लोक सोप्या भाषेला ‘यिप-यानेकेची भाषा’ म्हणतात.

मराठीत काय आहे?
लेखन आणि चित्रे दोन्ही स्वतः करणाऱ्या पुण्याच्या माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांतून मराठी घर मुलांसमोर आणले. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत. खोऱ्यात रेंज नसेल, तर तालुक्याच्या गावी डाउनलोड करून ठेवता येतात.

हे का महत्त्वाचे?
तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आहे. ज्या घरात गोष्टीचे एकही पुस्तक नाही, तिथल्या मुलाची सारी भिस्त शाळेवर असते.

कसे वाचाल?
• आधी फक्त चित्रे दाखवा. काय चालले आहे ते मुलांना सांगू द्या.
• पान उलटण्याआधी ‘पुढे काय होईल?’ असे विचारा.
• मोठ्या मुलाला ओळी वाचू द्या, धाकट्याला चित्र सांगू द्या.
• शेवटी वाडीतलाच प्रसंग घेऊन मुलांकडून चार चित्रे आणि चार ओळी करून घ्या. शाळेचे पहिले चित्रपुस्तक तयार!