दाब मोजण्याची पावणेचारशे वर्षं

इटालियन शास्त्रज्ञ टोरिचेल्लीने १६४३ साली पाऱ्याने भरलेली नळी भांड्यात उलटी उभी केली आणि हवेचा दाब पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. समुद्रसपाटीला पारा ७६० मिलिमीटरच्या आसपास थांबतो. पुढची दोनशे वर्षं दाब म्हणजे मुख्यतः पाऱ्याची उंची. पण वाफेच्या इंजिनावर काचेची उंच नळी कोण लावणार?

१८४९ मध्ये पॅरिसच्या यूजेन बूर्दाँने तोडगा काढला. कमानीसारखी वाकवलेली चपटी पितळी नळी, एक टोक बंद. वाफ आत शिरली की नळी सरळ व्हायला बघते, टोक जरासं सरकतं आणि दातेरी चाकं काट्याला तबकडीवर चांगलं फिरवतात. बॉयलरवर, ऑक्सिजन सिलिंडरवर, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर आजही हाच गेज दिसतो. वीज गेली तरी तो दाब दाखवतो. हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

विजेने दाब मोजण्यातली खरी उडी १९५४ ची. ताणलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्येच सांगितलं होतं. १९५४ मध्ये बेल लॅबमधल्या चार्ल्स स्मिथ यांनी दाखवलं की सिलिकॉनमध्ये हा बदल कितीतरी पट मोठा असतो. आता चिपमध्येच केसाहून पातळ पडदा कोरतात आणि त्यावर चार रोध व्हीटस्टन ब्रिज नावाच्या मंडलात जोडतात. दाबाने पडदा वाकला की दोन रोध वाढतात, दोन घटतात आणि काही मिलिव्होल्ट हाती येतात. तापमानानेही रोध बदलतात, म्हणून त्याची भरपाई करावी लागते. सेन्सरचा कस लागतो तो इथे.

कपॅसिटिव्ह सेन्सर पडदा आणि स्थिर पट्टी यांच्यातलं अंतर ओळखतो. त्याला वीज कमी लागते. क्वार्ट्‌झचा पिएझो सेन्सर इंजिनमधला झपाट्याने बदलणारा दाब टिपतो, स्थिर दाब त्याला धरून ठेवता येत नाही. एप्रिल २०२० पासून भारतात वाहनांच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले, बहुतेक दुचाकींचा कार्ब्युरेटर गेला आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब सांगणारा मॅप सेन्सर गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचला.

आता शरीरातला दाब. इटालियन डॉक्टर रीवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर रक्तदाब मोजला. घरच्या बीपी मशीनमध्ये पारा नाही, बारीक सेन्सर आहे. आकडा मात्र अजून पाऱ्याच्याच मिलिमीटरमध्ये येतो. या सेन्सरचं रीडिंग वापरून वापरून थोडं सरकतं. तेव्हा वर्षातून एकदा डॉक्टरांकडे जाताना आपलं मशीन सोबत न्या आणि तिथल्या रीडिंगशी ताडून बघा.