पात्यातलं पाणी

खंडेनवमीच्या सकाळी जुन्या घरांतली हत्यारं वर्षातून एकदा उजेडात येतात. चिखली तालुक्यातल्या उंद्रीपासून सिंदखेडराजापर्यंतचा हा पट्टा लढायांच्या वाटेवरचा. सिंदखेडराजा हे लखुजी जाधवांचं गाव. साखरखेर्ड्याच्या मैदानावर 11 ऑक्टोबर 1724 रोजी निजामुल्मुल्कने मुबारिझखानाचा पाडाव केला आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया घातला गेला. अशा मुलखात एखाद्या घरी कापडात गुंडाळलेली तलवार निघाली, तर नवल नाही.

पूजेआधी ती स्वच्छ करायची, ही रीतच. चिंच, राख, पॉलिश पेपर, हल्ली तर वेल्डिंगवाल्याकडचा ग्राइंडरसुद्धा. पातं आरशासारखं लखलखतं. आणि पाच मिनिटांत दोन-तीनशे वर्षांचा पुरावा दिसेनासा होतो.

कारण तलवारीची ओळख तिच्या कातडीत असते. मराठीत आपण ‘पाणीदार तलवार’ म्हणतो, लोखंडाला ‘पाणी देतो’. दख्खनच्या खास पोलादाच्या बाबतीत हे पाणी डोळ्यांना दिसतं. पात्यावर करड्या रंगात पांढुरक्या रेषा वळत, तुटत, पुन्हा जुळत जातात. वाऱ्याची झुळूक आल्यावर तळ्यावर जशी नक्षी उमटते, तशी. या नक्षीला जाणकार ‘जौहर’ म्हणतात. ती कोरलेली नसते, रंगवलेली नसते. पोलादाच्या पोटातूनच ती येते.

हे पोलाद मुशीत शिजायचं. दक्षिणेतल्या भट्ट्यांत लोखंडाचे तुकडे तरवडाच्या लाकडासोबत मातीच्या मुशीत घालत, वर रुईची किंवा वेलींची पानं ठेवत आणि तोंड मातीने बंद करत. तरवड आणि रुई दोन्ही आपल्या ओळखीची, बांधावरची झाडं. लाकडातला कार्बन लोखंडात मुरायचा, सगळं वितळायचं आणि मूस सावकाश थंड व्हायची. हाती यायची ती पोलादाची छोटी वडी. तिच्यात कार्बन साधारण दीड टक्का, म्हणजे नेहमीच्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त. निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम् हे या वड्यांचं मोठं केंद्र. इराणी व्यापारी थेट तिथे येऊन माल उचलत. कानडी-तेलुगूतल्या ‘उक्कू’वरून इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटलं. मायकेल फॅरेडेने 1819 साली लंडनमध्ये त्याचं पृथक्करण केलं, पण रहस्य त्याला पुरतं उलगडलं नाही.

ते बऱ्याच अंशी उलगडायला 1998 उजाडलं. जॉन वर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार, या अमेरिकी जोडीने दाखवून दिलं की खनिजातली व्हॅनेडियमसारख्या धातूंची अत्यल्प भेसळ हीच नक्षीची किल्ली. वडी पुन्हा पुन्हा तापवून ठोकताना या भेसळीच्या आधाराने कार्बाइडचे कण ओळीने बसतात. दोन ओळींत केसाएवढंच अंतर. तापमान जरा जास्त चढलं की कण विरघळतात आणि नक्षी जाते. लोहाराजवळ थर्मामीटर नव्हता, लोखंडाचा रंग पाहूनच तो हे सांभाळायचा. यातल्या बहुतेक कारागिरांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, ही खंत मनातून जात नाही.

मात्र प्रत्येक जुनी तलवार जौहरदार नसते. मराठ्यांना युरोपी पात्यांचं मोठं आकर्षण होतं. म्हणून ‘फिरंग’ हा शब्दच तलवारीला पडला. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचं पातं युरोपी आहे, मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याची नक्षी असलेली. पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघूजींचं नाव, ‘सेनासाहिब सुभा’ ही पदवी आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. वऱ्हाडाशी ज्यांचं नाव जोडलेलं, त्यांची ही खूण. इथे ओळख पटवण्याचं पहिलं सूत्र हाती येतं: मूठ आणि पातं वेगवेगळं वाचायचं. मूठ इथली, पातं सातासमुद्रापलीकडचं, असं सर्रास होतं. मूठ बदललेली, पातं तेच, असंही होतं.

दुसरी परीक्षा खऱ्या-खोट्याची. पोलाद आणि लोखंडाचे थर एकत्र जोडून, पिळून केलेलं पातंही नक्षीदार दिसतं, पण त्यात जोडांच्या लांब सलग रेषा भिंगाखाली सापडतात. नकली मालात आम्लाने वरवर चितारलेली नक्षी असते. ती पात्याच्या पाठीवर, धारेजवळ एकसारखी चालत नाही, हलक्या घासण्याने निघून जाते. खरा जौहर मात्र घासून पुसला गेला तरी आत असतो आणि पुन्हा वर आणता येतो.

तो वर आणणं हे शिकलगाराचं काम. ‘शिकल’ म्हणजे हत्याराला चकाकी देणं; त्यावरूनच महाराष्ट्रातल्या भटक्या शिकलगार समाजाचं नाव. आज संग्रहालयातले संवर्धक हेच काम सावकाश करतात. आधी मुठीजवळ नखाएवढी जागा निवडायची. तिथला सैल गंज सुईच्या टोकाने, तेलात भिजवून काढायचा. मग पाण्याखाली एकाहून एक बारीक पॉलिश पेपर, पात्याच्या लांबीनेच. यंत्राची चकती कधीच नाही, तिच्या उष्णतेने पातं मऊ पडतं. तेल स्पिरिटने पुसायचं, मग सौम्य हिराकस किंवा फेरिक क्लोराइडचं पाणी बोळ्याने फिरवायचं. काही क्षण काहीच होत नाही. मग पृष्ठभाग करडा पडू लागतो आणि त्यातून एक पांढुरकी रेघ, तिच्याजवळ दुसरी. आम्ल खाण्याच्या सोड्याने मारायचं, पाणी सुकवायचं, वर पातळ मेण.

मूठ सैल झाली असेल तर तीही घाईने ठोकायची नाही. आत पात्याचं शेपूट राळ-लाखेत बसवलेलं असतं. ओल्या फडक्याने पातं गुंडाळून मूठ हळू तापवली की ते सुटतं.

एकोणिसाव्या शतकात स्वस्त विलायती पोलाद आलं, 1878च्या शस्त्रकायद्याने हत्यारं बाळगणंच अवघड केलं आणि मुशी विझल्या. म्हणून घरोघरी उरलेल्या पात्यांची किंमत मोठी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ती देशाबाहेर विकता येत नाही.

यंदा खंडेनवमीला हळद-कुंकू मुठीवर लावावं, पात्यावर नको; ओलं कुंकू आणि फुलं पात्यावर राहिली की तिथे डाग पडतो. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल नको, ते चिकट होतं. चामड्याचं म्यान ओल धरतं, म्हणून तलवार म्यानाबाहेर, सुती कापडात ठेवावी. आणि गंजाखाली कुठे पांढुरकी रेघ दिसली, तर तिथेच हात थांबवून दिवसाच्या उजेडात, पातं किंचित तिरपं धरून, नीट पाहावं.