शीतपेटीला तोटी : एका घरगुती रूपांतराचे शास्त्र

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव ऐकून सभेतील काही वडीलधाऱ्या मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील, तर त्यात नवल नाही. घरी बनविलेली बीअर थंड ठेवून तोटीने पेल्यात घेता यावी म्हणून फ्रीझरचे रूपांतर कसे करतात, हा विषय व्याख्यानमालेत कशाला? आमचे उत्तर असे की, पिणे न पिणे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. त्याची वकिली करण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. परंतु या एका रूपांतरात उष्णता, वायू, दाब आणि वीज या चारही विषयांचे नियम एकत्र येतात, आणि त्यांतला एखादा न जाणता हात घातला तर पैसा जातो, यंत्र जाते, प्रसंगी प्राणही जातो. यंत्र वापरणे आणि यंत्र समजणे यांतील अंतर दाखविण्यास इतके सोयीचे उदाहरण आम्हांस दुसरे सुचले नाही.

हा उद्योग मुख्यतः अमेरिकेतला. तेथे १९२० ते १९३३ पर्यंत देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यावर घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, पण घरगुती बीअर मात्र कायद्याबाहेरच राहिली. १९७८च्या ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ही अडचण दूर झाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक असतील तर २०० गॅलन, अशी मर्यादा ठरली. विक्री मात्र वर्ज्य. राज्यांचे कायदे निराळे असल्यामुळे मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांत परवानगी मिळावयास २०१३ साल उजाडले.

घरी बीअर करणाराची मोठी कटकट म्हणजे बाटल्या. एका वेळी १९ लिटर बीअर केली, तर पन्नासाहून अधिक बाटल्या धुवावयाच्या, भरावयाच्या आणि त्यांना झाकणे ठोकावयाची. यावर तोड नकळत दिली ती शीतपेयांच्या कंपन्यांनी. पेयाचा पाक उपाहारगृहांत पोचविण्यासाठी त्या १९ लिटरची स्टेनलेस स्टीलची उभट पिंपे वापरीत. पुढे पाक प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून खोक्यातून पाठविणे सोयीचे ठरले, आणि ही जुनी पिंपे स्वस्तात बाजारात आली. हौशी लोकांनी ती उचलली. प्रश्न उरला तो इतकाच, की ती थंड ठेवावयाची कोठे? त्यावर वरून उघडणारा पेटीसारखा फ्रीझर, ज्याला आपल्याकडे दुकानदार ‘डीप फ्रीझर’ म्हणतात, तो पुढे आला. पिंपाच्या आणि फ्रीझरच्या इंग्रजी नावांचा सांधा जोडून या जोडणीला तिकडे ‘कीझर’ म्हणतात.

वस्तुतः थंडी करणे आणि बीअर यांचे नाते जुने आहे. जर्मन अभियंता कार्ल फॉन लिंडे याने १८७०च्या दशकात आपले शीतयंत्र सिद्ध केले, तेव्हा त्याचे पहिले आश्रयदाते म्युनिकचे बीअर-कारखानदारच होते. कारण त्यांच्या जातीच्या बीअरला थंडीत मुरावे लागते आणि बर्फासाठी हिवाळ्यावर विसंबणे त्यांना परवडत नव्हते. तेव्हा कीझर करणारा हौशी मनुष्य शीतयंत्राला त्याच्या जुन्या घरीच परत नेतो, असे म्हणावयास हरकत नाही.

आता पेटीच का, कपाट का नाही? उभ्या फ्रीझरचे दार उघडताच पायांना गार झुळूक लागते. ती म्हणजे आतली जड, थंड हवा जमिनीवर सांडत असते. पेटीचे झाकण वर असते, त्यामुळे हौदातल्या पाण्यासारखी थंड हवा बरीचशी जागच्या जागी राहते. शिवाय पेटीच्या भिंतींत उष्णतारोधक थर चांगला जाड असतो.

पण फ्रीझरचा स्वभाव गोठविण्याचा. तो उणे १८ अंश सेल्सिअसकडे धावणार, आणि साधी बीअर उणे दोन-तीन अंशांच्या सुमारासच गोठू लागते. आपणांस हवे असतात अधिक तीन-चार अंश. येथे यंत्राच्या पोटात शिरण्याची मुळीच गरज नाही. भिंतीवरचा प्लग आणि फ्रीझर यांच्यामध्ये एक तापमान-नियंत्रक बसवावयाचा. त्याची संवेदक तार आत सोडली, की ठरलेल्या अंशाला तो वीज तोडतो आणि एखादा अंश चढताच पुन्हा जोडतो. ही तार नुसती हवेत लोंबती ठेवू नये. झाकण उघडताच हवा तापते आणि कॉम्प्रेसर विनाकारण चालू-बंद होत राहतो. तार पिंपाच्या अंगाला चिकटवून वरून थर्मोकोलचा तुकडा लावावा, म्हणजे ती द्रवाचे तापमान सांगते. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच चालू करणेही घातक, कारण नळ्यांतला दाब समान होण्यापूर्वी मोटर फिरू पाहते आणि तापते. म्हणून नियंत्रकात काही मिनिटांचा विलंब ठेवतात. आपल्या घरच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर वीज आल्यावर थोडा थांबतो, तो याच कारणासाठी.

यानंतर तोट्या. पेटीच्या भिंतीला भोक पाडावे, असे कोणालाही प्रथम वाटेल. परंतु अशा अनेक पेट्यांत शीतद्रव्याच्या नळ्या भिंतींच्या पत्र्याआडूनच खेळविलेल्या असतात. ड्रिलचे टोक नळीत गेले की यंत्र संपले. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर विरविणारे जुने वायू मागे पडले, आणि आजच्या पुष्कळ घरगुती यंत्रांत आयसोब्यूटेन असतो. हा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, म्हणजे ज्वालाग्राही. यास्तव जाणते लोक झाकण बिजागरीसह सोडवितात, पेटीच्या काठावर सहा-आठ इंच उंच फळ्यांची चौकट बसवितात, आतून तिला थर्मोकोल लावतात, आणि झाकण तिच्यावर चढवितात. तोट्यांची भोके या लाकडात. यंत्राच्या अंगाला ओरखडाही नाही. काहीजण ही चौकट झाकणालाच जोडतात, म्हणजे झाकणाबरोबर तीही उचलली जाते आणि भरलेले तेवीस-चोवीस किलोंचे पिंप तितक्या उंचीवरून आत उतरवावे लागत नाही. कमरेचा विचार करणाराने हीच रीत धरावी.

बीअर तोटीपर्यंत ढकलतो तो कर्बद्विप्राणिद वायू, म्हणजे सोडावॉटरमधलाच वायू. सामान्य तापमानाला त्याच्या नळकांड्यात दर चौरस इंचास आठशे पौंडांच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटर तो बारा पौंडांवर आणतो. बाराच का? मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ साली दाखवून दिले की, द्रवात वायू किती विरघळेल हे त्याच्यावरील दाबावर अवलंबून असते. तापमानाचाही वाटा मोठा. शून्य अंशाच्या पाण्यात जितका हा वायू मावतो, त्याच्या जवळजवळ निम्माच वीस अंशांच्या पाण्यात मावतो. गरम झालेली सोड्याची बाटली उघडताच उसळते, ती यामुळेच. साडेतीन अंशांच्या सुमारास बारा पौंडांचा दाब ठेवला, तर एक लिटर बीअरमध्ये सुमारे अडीच लिटर वायू मुरतो, आणि सामान्य बीअरला तेवढाच लागतो.

येथे नवशिक्याची फसगत होते. पिंपापासून तोटीपर्यंतची नळी आखूड ठेवली तर पेल्यात निव्वळ फेस येतो. बारा पौंडांखालची बीअर एकाएकी मोकळ्या हवेत आली की विरघळलेला वायू उधळतो. नळी बारीक, आतून पाच मिलिमीटरांहून किंचित कमी, आणि दहाएक फूट लांब ठेवली, तर घर्षणाने दाब वाटेतच हळूहळू खर्ची पडतो आणि धार शांत येते. तळ थंड आणि चौकटीजवळची हवा कोमट, अशी स्थिती असली तरी पहिला पेला फेसाळतो. त्यावर संगणकातला छोटा पंखा आत बसविणे हा सोपा इलाज.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हौशी लोकांच्या नळकांड्यात बहुधा सव्वादोन किलो वायू असतो. तो मोकळा झाला तर सुमारे बाराशे लिटर जागा व्यापील, आणि पेटी असते दोनशे लिटरच्या घरातली. हा वायू हवेच्या दीडपट जड, रंगहीन. गळती झाली तर पेटीत तळापासून साठतो. नंतर तो तीन मीटर लांब, रुंद व उंच अशा बंद खोलीत पसरला, तर तेथील हवेत त्याचे प्रमाण साडेचार टक्के होईल. अमेरिकेत चार टक्के हे प्रमाण जीविताला तत्काळ धोक्याचे मानलेले आहे. म्हणून सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, जागा हवेशीर असावी, तळघरात वायूसूचक यंत्र लावावे, आणि गळतीची शंका असताना पेटीत डोके घालून वाकू नये. ओल आणि वीज जवळजवळ असल्याने अर्थिंगही चोख हवे.

आपल्या राज्यातील श्रोत्यांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने, ज्यास आता महाराष्ट्राचे नाव मिळाले आहे, परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. घरापुरती का होईना, बीअर त्याला अपवाद नाही. तेव्हा अमेरिकेतील मोकळीक येथे गृहीत धरू नये.

मग हे ज्ञान आपल्या काय उपयोगाचे? आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसी ठेवण्याची शीतपेटी एकदा पाहा. तीही वरून उघडते, तिच्यातही दोन ते आठ अंशच राखावयाचे असतात, आणि तेथेही अति थंडी शत्रूच. धनुर्वातावरची किंवा काविळीच्या ब जातीवरची लस गोठली तर निकामी होते. तेथील परिचारिका दिवसातून दोनदा तापमान का नोंदविते, हे कीझरचे शास्त्र ज्याला कळले त्याला निराळे समजावून सांगावे लागणार नाही. थंडी कोठे साठते, ती मोजावयाची कोठे आणि आवरावयाची कशी, हे तीन प्रश्न पेटीत बीअर असो की बालकांची लस, तेच राहतात. आपल्या घरातील वा गावातील कोणत्याही शीतपेटीपुढे उभे राहून श्रोत्यांनी ते एकदा विचारून पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.