टर्बोची ताकद आणि जुन्या गाडीचे मोल

जुन्या स्पोर्ट्‌स गाडीवर हौसेने खर्च करणाऱ्यांचा एक समज असतो. इंजिनात जितकी भर घालावी, तितकी गाडीची किंमत वाढते, असे त्यांना वाटते. टर्बोचार्जर बसविलेल्या गाड्यांबाबत हा समज बहुधा खोटा ठरतो. अशा गाडीची ताकद वाढविणे सोपे व तुलनेने स्वस्त असते. वाढलेली ताकद पेलणे मात्र महाग असते आणि गाडीचे अस्सलपण एकदा गेले, की ते पैसे मोजूनही सहसा परत मिळत नाही.

धुरातून मिळणारी ताकद

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक छोटे चक्र फिरते. त्याचा वेग मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही पुढे जातो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त आणि म्हणून ताकदही जास्त, असे हे साधे गणित आहे. हवेचा दाब, म्हणजेच 'बूस्ट', थोडा वाढविला की गाडी पळू लागते. आधुनिक गाडीत त्यासाठी संगणकातील आज्ञावली बदलली तरी पुरते. गॅरेजच्या भाषेत हे 'रिमॅप'. हे काम काही हजारांत होते आणि मोहाची सुरुवातही येथूनच होते.

दाबलेली हवा तापते. तापलेल्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप भडकतो. हेच 'नॉकिंग'. ते वाढले की पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येते. ते टाळण्यासाठी मोठा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, अधिक सक्षम पेट्रोल पंप लागतो. मग मूळ क्लच घसरू लागतो; वेग वाढला म्हणून ब्रेक आणि टायरही बदलावे लागतात. हजारांत सुरू झालेला हिशेब असा लाखांत जातो.

माहुलचे पेट्रोल

नॉकिंगला आवर घालणारा दुसरा घटक म्हणजे इंधन. मुंबईच्या पूर्व उपनगरांत माहुल परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. एस्सोचा कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला. तो आज हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आहे. बर्मा शेलचा १९५५ चा कारखाना आज भारत पेट्रोलियमचा आहे. टर्बो गाडीला किती बूस्ट झेपेल, हे बरेचसे अशा कारखान्यांतून येणाऱ्या पेट्रोलच्या ऑक्टेन अंकावर ठरते. हा अंक जितका मोठा, तितके पेट्रोल अकाली भडकण्यास जास्त विरोध करते.

सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, आपल्याकडील पेट्रोलचा ऑक्टेन अंक बीएस-२ च्या काळात ८८ होता. बीएस-६ मध्ये तो ९१ झाला आणि २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणामुळे ९५ पर्यंत गेला. त्याहून वरच्या दर्जाचे, ९७ ते १०० ऑक्टेनचे पेट्रोलही निवडक पंपांवर चढ्या भावाने विकले जाते. युरोपीय टर्बो इंजिनांची जुळवणी बहुधा ९५ ते ९८ ऑक्टेन गृहीत धरून होत असे. ती गाडी ८८ किंवा ९१ ऑक्टेनवर चालवायची आणि वर बूस्टही वाढवायचा, हा जुगारच होता.

इथेनॉलची बाजूही दुहेरी आहे. त्याने ऑक्टेन वाढतो आणि बाष्पीभवनामुळे मिश्रण थंड राहते; टर्बोला हे मानवते. मात्र त्यात ऊर्जा कमी असल्याने तेवढ्याच ताकदीसाठी अधिक इंधन लागते आणि जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट त्याने लवकर खराब होऊ शकतात. जुनी गाडी बाळगणाऱ्याने पहिला खर्च ताकदीवर नव्हे, या नळ्यांवर करावा.

ऑक्टाव्हियाचा धडा

महाराष्ट्राशी जवळचे नाते असलेले उदाहरण स्कोडा ऑक्टाव्हियाचे. तेव्हाच्या औरंगाबादजवळील शेंद्रा येथे २००१ मध्ये तिची जुळणी सुरू झाली आणि २००४ मध्ये १.८ लिटरची टर्बो 'आरएस' भारतात आली. युरोपात १८० अश्वशक्तीची असलेली ही गाडी येथे १५० अश्वशक्तीची होती. हा फरक भरून काढण्याचा मोह अनेकांना झाला. आज वीस वर्षांनंतर अशी गाडी घेऊ पाहणारा जाणकार आधी विचारतो, 'मूळ टर्बो आहे का? आज्ञावली कोणी बदलली? जुने भाग ठेवले आहेत का?'

कायदा काय सांगतो

निर्मात्याने नोंदविलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे दिला. न कळविलेल्या बदलांमुळे विम्याचा दावाही अडकू शकतो. पंधरा वर्षांवरील गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढले.

जुलै २०२१ च्या नियमांनी अस्सलपणाला सरकारी मान्यताच दिली. ५० वर्षांहून जुन्या आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाडीलाच 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि १९७५ ची पोर्श ९११ टर्बो वयाच्या या उंबरठ्यावर पोहोचल्या आहेत. ऑक्टाव्हिया आरएसची पाळी येईल २०५४ मध्ये.

मोल कशाचे?

अमेरिकेतील ओल्ड्‌समोबिल जेटफायर ही १९६२ ची, जगातील पहिल्या टर्बो गाड्यांपैकी एक. नॉकिंग रोखण्यासाठी तिच्या इंजिनात पाणी व मेथॅनॉलचे मिश्रण सोडावे लागे. त्याची टाकी भरण्याचा कंटाळा आणि सततचे बिघाड यांमुळे अनेक मालकांनी टर्बो काढून टाकले. त्या काळी हा शहाणपणा वाटला. आज संग्राहक मूळ टर्बोसह उरलेल्या मोजक्या जेटफायरच शोधतात.

म्हणून बदल करायचाच असेल, तर तो परत फिरविता येण्याजोगा असावा. चांगले ब्रेक, नवे टायर, नव्या नळ्या यांवरचा खर्च वाया जात नाही. बॉडी कापणे, इंजिन बदलणे टाळावे. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपावा, प्रत्येक पावती ठेवावी. विकण्याची वेळ येईल तेव्हा अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा त्या पेटीला आणि त्या पावत्यांना अधिक भाव येतो.