फेरिटिन भरपूर, तरी रक्त कमी का?

आमच्या गटातल्या एका काकूंना स्तनाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. मागे त्या रिपोर्ट घेऊन बैठकीला आल्या. हिमोग्लोबिन ८ आणि फेरिटिन ४००. फेरिटिनचा आकडा पाहून घरचे म्हणाले, "लोह तर भरपूर आहे, थकवा मनाचा आहे." काकूंना मात्र ओट्याची पायरी चढवत नव्हती.

मग खरं काय? आपल्या रक्तात लोह मोकळं फिरत नाही, प्रथिनं ते सांभाळतात. फेरिटिन म्हणजे लोहाची कोठी. ती असते पेशींच्या आत, तिचा थोडा अंश रक्तात उतरतो आणि तोच आपण तपासतो. ट्रान्सफेरिन म्हणजे गाडी. ती कोठीतलं लोह हाडांतल्या मगजापर्यंत नेते, तिथं नवं रक्त तयार होतं.

निरोगी बाईचं फेरिटिन ३० च्या खाली आलं, की कोठी रिकामी समजतात. कॅन्सरमध्ये हा हिशोब चुकतो. आजारानं अंगात दाह असतो. दाह असला की लोह असो वा नसो, फेरिटिन वाढतं. शिवाय यकृत हेपसिडिन नावाचा पदार्थ जास्त सोडतं. तो कोठीला कुलूप लावतो आणि आतड्यातून येणारं लोहही अडवतो. धान्य कोठीत, आणि चूल थंड!

म्हणून दुसरा आकडा पाहायचा, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. गाडीतल्या शंभर जागांपैकी किती भरल्या, ते तो सांगतो. २० टक्क्यांच्या खाली असेल, तर फेरिटिन कितीही दिसो, मगजाला लोह पुरत नाही.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फेरिटिन वाढलं म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. ताप, जंतुसंसर्ग, यकृताचा आजार, यांतही ते वाढतं. दोन, कॅन्सरच्या रुग्णाला आपल्या मनानं लोहाच्या गोळ्या देऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलेल्या बंदही करू नका. दाह असताना गोळी नीट अंगी लागत नाही, तेव्हा काहींना शिरेतून लोह देतात. ते डॉक्टरच ठरवतील. रक्त कमी व्हायला केमो आणि रक्तस्राव हीही कारणं असतात. तीन, तपासणीला उपाशीपोटी यायचं का, त्या सकाळी लोहाची गोळी घ्यायची का, हे आधी विचारून घ्या.

काकूंनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारलं, "माझं सॅच्युरेशन किती आहे?" तपासलं तर ११ टक्के निघालं. आता त्यांना शिरेतून लोह चालू आहे. थकवा मनाचा नव्हता, हे घरच्यांनाही पटलं. आता पाण्याची कळशी सूनबाई उचलते.

तुमच्या गटात कुणी असा आजार सोसत असेल, तर तिचा रिपोर्ट घेऊन तिच्यासोबत दवाखान्यात जा. आणि हाच प्रश्न विचारा.