पद्मिनीचे इंजिन आणि टॅपेटची फट

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा ठरलेली प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तिचा आराखडा इटलीच्या फियाटकडून घेतला होता आणि तिच्या १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाचे मूळ १९३७ मधील फियाटपर्यंत जाते.

या इंजिनाचा पाया म्हणजे बिडाचा ब्लॉक. त्यात ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर असून प्रत्येकात पिस्टन ७५ मिलिमीटर वर-खाली सरकतो. पिस्टनवरच्या रिंगा वायू खाली निसटू देत नाहीत, कनेक्टिंग रॉड पिस्टनचा धक्का क्रँकशाफ्टपर्यंत नेतो आणि तेथे सरळ गतीचे फिरत्या गतीत रूपांतर होते. कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळतो, प्लग ठिणगी देतो. मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे व धूर बाहेर टाकणे या चार क्रिया क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतात.

मात्र हा सारा क्रम ज्यावर अवलंबून असतो ती व्हॉल्व्हची यंत्रणाच या इंजिनातील सर्वांत विलक्षण गोष्ट मानावी लागेल. क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर सिलिंडरांच्या झाकणात म्हणजे हेडमध्ये, म्हणून कॅमचा उंचवटा आधी टॅपेटला, टॅपेट पुशरॉड या उभ्या दांडीला आणि ती दांडी रॉकर या तरफेला ढकलते, तेव्हा कुठे व्हॉल्व्ह उघडतो. मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या वेगात हे प्रत्येक व्हॉल्व्हच्या बाबतीत सेकंदाला तेहतीस वेळा घडते. तापल्यावर व्हॉल्व्हची लांबी वाढते, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये मिलिमीटरच्या अंशाएवढी फट मुद्दाम ठेवतात. पातळ पट्ट्यांच्या फिलर गेजने ती मोजून स्क्रूने नेमकी करणे, हेच गॅरेजमधले ‘टॅपेट सेटिंग’. फट जास्त झाली तर टकटक ऐकू येते, पण ती नाहीशी झाली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. आणि मिटलेल्या अवस्थेत सीटला, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीच्या कड्याला, टेकूनच तो आपली बरीचशी उष्णता बाहेर टाकत असल्यामुळे असा व्हॉल्व्ह, विशेषतः धूर बाहेर सोडणारा, जळतो.

शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात शिशाचा थर सीटचे रक्षण करी. २००० मध्ये देशभर ते पेट्रोल बंद झाले, पुढे मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, आणि या कोरड्या इंधनात तसा संरक्षक थर मुळीच नसल्याने मऊ धातूची सीट ठोक्यागणिक झिजू लागते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, त्याचे टोक रॉकरकडे सरकते आणि फट कमी होते. खरी चिंतेची बाब ही, की अशा वेळी इंजिनाचा आवाज वाढत नाही, उलट कमी होतो, आणि कानावर विसंबणाऱ्या चालकाला ते सुधारल्यासारखे वाटते. म्हणून अशा गाडीची फट आवाजाची वाट न पाहता नियमित तपासणे भाग असते. सीट फारच खचली, तर स्क्रू सैल करायलाही वाव उरत नाही. मग हेड उतरवून कठीण धातूची नवी सीट ठोकावी लागते आणि व्हॉल्व्ह पेस्ट लावून तिच्यावर घासत बसवावा लागतो.