रामबाग सोडायची का?

इंदूरच्या मराठी घरांत हल्ली चार माणसे जमली, की पोह्यांची ताटली संपायच्या आत कुणीतरी विचारतेच, "मग, तुम्ही बायपासला कधी जाताय?" बायपास म्हणजे शहराच्या पूर्वेकडून जाणारा आग्रा-मुंबई महामार्गाचा वळणरस्ता. त्याच्या आजूबाजूला, बिचोली मर्दाना आणि निपानियाच्या अंगाने, श्रीमंती थाटाच्या टाउनशिप उभ्या राहिल्या आहेत. कमानीचे प्रवेशद्वार, रखवालदार, क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव. कामधंदा शहरात, झोपायला इथे.

माझे माहेर बेळगावचे आणि सासर इंदूरच्या रामबागेत. बेळगावच्या आमच्या गल्लीत "जेवण झालं काय?" आणि "ऊट आतेन्री?" एकाच ओट्यावरून ऐकू यायचे. रामबागेत कन्नडची जागा हिंदीने घेतलेली, बाकी सगळे तेच. म्हणून मला इथे परके कधी वाटलेच नाही. आता आमच्या घरातही बायपासचा विषय निघाला आहे. यांचे ऑफिस विजयनगरला, मुलीची शाळा बायपासजवळ, आणि ती रोज तासभर बसमध्ये. जुने घर विकल्याशिवाय तिकडचे परवडणार नाही, हीच खरी अडचण. एकदा विकले, की परतीचा रस्ता बंद.

माझी नणंद चार वर्षांपूर्वी तिकडे गेली. उन्हाळ्यात मी आणि सासूबाई आठ दिवस तिच्याकडे राहून आलो. खरे सांगायचे तर पहिले तीन दिवस परत यावेसेच वाटेना. आमच्या घराचा जिना उभा आणि अरुंद. सासूबाई दिवसातून एकदा उतरतात आणि एकदाच चढतात. तिथे लिफ्ट, सपाट रस्ता, जागोजागी बाक. गुडघ्यांची तक्रार न करता त्या संध्याकाळी दोन फेऱ्या मारत होत्या. मुली अंधार पडेपर्यंत सायकल चालवत होत्या आणि कुणाची आई गॅलरीतून हाका मारत नव्हती. रामबागेत गाडी लावण्यावरून रोज कुणाशी तरी वाजते, ते तिथे नाही.

स्वच्छतेसाठी मात्र कुणी शहर सोडू नये. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग पहिले येत राहिले, आणि कचरागाडी आमच्या बोळातही रोज येते.

चौथ्या दिवशी नळाला पाणी आले नाही, तेव्हा डोळे उघडले. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून मिळते. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून, डोंगर चढवून ते आणतात. बायपासकडच्या अनेक वसाहतींची मदार मात्र बोअरवेल आणि टँकरवर. नणंदेच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर चालू होते आणि त्याचा खर्च देखभालीच्या वर्गणीवर चढत होता. घर घेताना "नर्मदा लाइन लवकरच" असे सांगितले होते म्हणे. पोहण्याचा तलाव कोरडा होता, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट रस्त्याची. जून २०२५ च्या अखेरीस इंदूर-देवास रस्त्यावर अशी कोंडी झाली, की वाहने दिवसभराहून अधिक काळ अडकून पडली. रोज तसे होत नाही, पण रोजची धाकधूक असतेच. शहरात २०१३ मध्ये सुरू झालेली बीआरटीएस पुढे मोडीत काढायचे ठरले. ३१ मे २०२५ ला मेट्रो सुरू झाली, तीही वायव्येकडच्या सुपर कॉरिडॉरवर, सुमारे सहा किलोमीटर. म्हणजे बायपासला राहणाऱ्याची स्वतःची गाडी हवीच, आणि नवरा-बायको दोघेही नोकरी करत असतील तर दोन. हा खर्च हप्त्याच्या हिशेबात कुणी धरत नाही.

बाहेर सरकण्याचा हा विचार इंदूरला नवा नाही. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले होते. त्याचा अहवाल १९१८ मध्ये आला. प्लेगचे दिवस होते. दिवाळीची मिरवणूक ज्या रस्त्यावर घरे सर्वांत जास्त झाडून-पुसून नीट केलेली असतील, त्याच रस्त्याने जाईल, असे त्याने जाहीर केले आणि सारे गाव कामाला लागले. नवी उपनगरे त्यानेही सुचवली, पण जुने शहर पाडू नका, जपून दुरुस्त करा, हा त्याचा आग्रह होता. (जिना रुंद करण्याचा खर्च मी परवाच विचारून आले, हे ओघाने आठवले.)

पुढे राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर इथे मराठी वस्ती वाढली. एकाचा भाऊ गेला, मग साडू, मग शेजारी. गणपती बरोबर गेला, हळदीकुंकू गेले. बेळगावातही शहापूर, खडेबाजार सोडून टिळकवाडी-हिंदवाडीला माणसे अशीच गेली. ओणी सुटली, पण बोलणे सुटले नाही. बायपासला प्रत्येक जण एकेकटा जातो आहे. नणंदेच्या इमारतीत शेजार सज्जन, मदतीला धावणारा, पण मराठी घर एकच. तिच्या मुलाला आजीचे मराठी कळते, उत्तर मात्र तो हिंदीत देतो. सानंदचे नाटक असले, की जाऊन-येऊन दीड-दोन तास धरावे लागतात, म्हणून तेही कमी झाले आहे. तुमच्या घरी मुले आजीशी मराठीत आणि अज्जीशी कन्नडमध्ये बोलत असतील, तर त्यातले किती शाळेमुळे आणि किती गल्लीमुळे, हे एकदा बघा.

यांना टाउनशिप हवी आहे, मुलीला नक्कीच हवी आहे. मला रामबाग सोडवत नाही. पण मुलीचा तो रोजचा तास आणि सासूबाईंचा जिना यांना माझ्याकडे उत्तर नाही. आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "नोडोण, घाई नको." मग असे ठरले, की घर विकायचे नाही. नणंदेच्याच सोसायटीत अकरा महिने भाड्याने राहायचे आणि त्यात मार्च ते जून हे महिने आलेच पाहिजेत. सासूबाईंनी होकार दिला, पण एक अट घातली : दर गुरुवारी कृष्णपुऱ्याच्या दत्ताला जायचे. कोण नेणार, यावर घरात अजून बोलणी चालू आहेत.